मधल्या खोलीतली भुलाबाई

तव्यावरची भाकर उलटता उलटता रुखमाबाई म्हणाली, "आज बायकायचा दिवस हाये म्हणे तुमच्या कॉलेजात. मी बी येऊन राह्यली चार वाजता," आणि शालिग्राम मास्तरांच्या घशात घास अडकला. पाण्याचा तांब्या हाताशीच होता, पण तो तोंडाला लावायचं त्यांना सुचलं नाही. बायकोने वर न पाहताच तो त्यांच्याकडे सरकवला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि या चाळीस वर्षांत रुखमाबाई एकदाही मास्तरांच्या शाळेत, प्रदर्शनात, बक्षीस समारंभात आली नव्हती. कोणी बोलावलं तर म्हणायची, मले त्यातलं काय समजते. मास्तरांनाही ते सोयीचंच पडलं होतं, हे खोटं कशाला सांगा. आणि आज, पोळ्याचा बाजार सांगावा इतक्या सहज आवाजात, ती म्हणते मी येते. "तू कायले येतं?" मास्तरांनी विचारलं. "उन्हाचं चढावर चालत यावं लागन. तिथं काय, दगडं अन् जुने भांडे." रुखमाबाई म्हणाली, "तेच पाहतो. घरचे भांडे पाहून पाहून कंटाळली," आणि तिने दुसरी भाकर परातीत थापायला घेतली. तिच्या आवाजात राग नव्हता, कुरकुर नव्हती, काहीच नव्हतं. मास्तरांना नेमकी त्याचीच भीती वाटली. त्यांनी अर्धी भाकर तशीच ताटात ठेवली, टोपी घातली आणि निघाले. दारातून त्यांची नजर माळ्याकडे गेली. माळ्यावर कोपऱ्यात सागवानी पेटी होती तिथेच होती, तिच्यावर जुनी घोंगडी होती तशीच होती. त्या पेटीत लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली अर्धी वीट होती, आणि ती मास्तरांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती.

बुलढाण्याच्या चढावरून कॉलेजकडे जाताना आश्विनातलं ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. कॉलेज निघून अवघं वर्ष झालं होतं. लढाई संपली, कागद मिळायला लागला, चिखलीच्या कापूस व्यापाऱ्यांनी आणि दोन-चार देशमुखांनी हात मोकळा सोडला, आणि जुन्या बंगल्यात वर्ग भरायला लागले. त्याच बंगल्याच्या मागच्या अंगाला एका ओळीत तीन खोल्या होत्या. नागपूरहून आलेल्या प्रिन्सिपॉलसाहेबांना हौस, की कॉलेज म्हटलं की कलेचं संग्रहालय पाहिजे. बाकीच्यांना वाटलं, हे आणखी एक खूळ. मास्तर हायस्कुलातून ड्रॉइंग मास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, घरात बसून त्यांचे हात शिवशिवत होते. साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा पगार किती हेदेखील न विचारता ते हो म्हणून मोकळे झाले. मग सहा महिने त्या तीन खोल्या म्हणजे त्यांचा संसार झाला. पहिल्या खोलीत शेतात नांगराला लागलेल्या मूर्ती, वीरगळ, हात तुटलेले द्वारपाल. तिसऱ्या खोलीत विद्यार्थ्यांची चित्रं. भिंतींना चुना द्यायचा की त्यात नीळ घालायची यावरून साहेबांशी त्यांचा आठ दिवस वाद चालला. मास्तर म्हणत, पांढऱ्याफेक भिंतीपुढे दगड उपाशी दिसतो. शेवटी त्यांनी चुन्यात मूठभर पिवळी माती कालवून एक पट्टा साहेबांना दाखवला आणि साहेब गप्प झाले. कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं, हे त्यांनी भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून टिपून ठेवलं होतं. शिपाई कडूबा त्यांच्या मागे शिडी घेऊन फिरे आणि म्हणे, मास्तर, लग्नाच्या मांडवालेही एवढी कटकट नसते.

राहिली होती मधली खोली. ती घरगुती वस्तूंची ठरली होती. समया, अडकित्ते, कापडावर छाप उठवायचे लाकडी ठसे, जात्याचा खुंटा, कोरीव कामाची चौकट. सगळं लागलं, आणि उत्तरेकडच्या भिंतीतला एक कोनाडा रिकामा राहिला. मोठा नव्हता, हातभर रुंद. पण खोलीत शिरलं की नजर आधी तिथेच जाई. मास्तरांनी त्यात पितळी घोडा ठेवून पाहिला, मग शाईची दौत, मग दत्ताची तसबीर. जे ठेवावं ते परक्याच्या घरी बसल्यासारखं दिसे. साहेब म्हणाले, "आपल्याकडे मातीचं काहीच नाही, मास्तर. या जिल्ह्यातल्या कुंभारांनी काही केलंच नाही का?" मास्तरांनी दत्ताची तसबीर कोनाड्यातून काढून घेतली. पण त्या दिवसापासून कोनाड्याकडे पाहिलं की त्यांना माळ्यावरची पेटी आठवायला लागली. आधी त्यांनी तो विचार झटकून टाकला. मग तो रोज यायला लागला. आपण साठीला टेकलो. रुखमा काही लहान नाही. मूलबाळ नाही. उद्या आपण दोघं गेलो की घर पुतण्यांच्या हाती जाणार, आणि पुतणे भले आहेत, पण माळा साफ करताना पेटी उघडून पाहतील, म्हणतील मातीची खेळणी हायेत, आणि उकिरड्यावर नेऊन टाकतील. त्यात त्यांची चूक नसेल. त्यांना कोण सांगणार होतं? ज्यांना सांगायचं त्यांनीच अठ्ठावीस वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं. इथे काच आहे, कुलूप आहे, सरकारी रजिस्टर आहे. इथे ती राहील. हा विचार मास्तरांना इतका पटला, की तो पटवून घ्यायला आपल्याला पंधरा दिवस का लागले याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

श्रावणात रुखमाबाईची भावजय आजारी पडली आणि ती देऊळगाव राजाला भावाकडे गेली. मास्तरांनी त्याच दिवशी दुपारी शिडी लावली. पेटीत कापूस, कापसात चिंधी, चिंधीत भुलाबाई आणि भुलोजी. वीतभर उंचीची मातीची जोडी, एकाच पाटावर बसलेली, भुलाबाईच्या मांडीवर चिमणीएवढा गणपती. त्यांनी ती टोपलीत घालून वरून शाल झाकली आणि आपल्याच घरातून चोरासारखे बाहेर पडले. पण त्याआधी एक शहाणपण केलं. रिकामी पेटी हाताला हलकी लागेल, बायकोने कधी झाडताना उचललीच तर लगेच कळेल, म्हणून न्हाणीघरामागची अर्धी वीट आणली, चिंधीत गुंडाळली, कापसात नीट निजवली. वजन हाताने जोखून पाहिलं. तेव्हा त्यांना स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं होतं. आता चढ चढताना ते आठवून त्यांचे कान गरम झाले.

ही जोडी कुंभारणीने घडवली असली तरी रंगवली होती कोकिळाने. कोकिळा त्यांची मुलगी, एकुलती एक. नऊ वर्षांची होती. भादव्याच्या पुनवेला घरोघर भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत माहेरपणाला राहते, आणि महिनाभर रोज संध्याकाळी पोरी टोळीने या घरून त्या घरी जाऊन तिची गाणी म्हणतात. त्या साली कोकिळा हटून बसली, की बाजारातली रंगवलेली नको, कोरी आणा, मी रंगवतो. बाप ड्रॉइंग मास्तर म्हटल्यावर तिला तो हक्कच वाटे. कोरी आणली. गेरू दिला, नीळ दिली, हळद दिली. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेतून आले तर भुलाबाईचं लुगडं असं काही लालभडक झालेलं, की गेरूने सात जन्मांत होणार नाही. मास्तरांनी आपली विलायती रंगांची पेटी उघडून पाहिली. किरमिजी वडीला मधोमध खड्डा पडला होता. ती वडी ते वर्षातून दोनदा वापरत, तीही ब्रशचं टोक नुसतं टेकवून. कोकिळा दाराआडून पाहत होती. मास्तरांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, लुगडं चांगलं झालं. एवढंच. भुलाबाईचा एक डोळा मोठा झाला होता, एक बारीक. आणि पाठीमागे, जिथे कोणी पाहणार नाही अशा जागी, ओल्या रंगात तिचा अंगठा उमटला होता. तो अजून आहे. कोनाड्यात मूर्ती ठेवताना मास्तरांनी तीनदा विचार केला, की ती भिंतीपासून जरा पुढे घ्यावी, म्हणजे बाजूने वाकून पाहणाऱ्याला तो अंगठा दिसेल. मग वाटलं, लोकांना काय करायचंय. तरी दोन बोटं पुढे घेतलीच.

संग्रहालयात पोचल्यावर मास्तर कडूबाला काही न बोलता थेट मधल्या खोलीत गेले. कोनाड्यापुढे काच, काचेला छोटं कुलूप, किल्ली त्यांच्या जानव्याला. खाली पुठ्ठ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'भुलाबाई व भुलोजी. रंगीत माती. बुलढाणा जिल्हा. सुमारे सन १९१८. कारागीर अज्ञात.' रजिस्टरात देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, तिथेही त्यांनी 'एक हितचिंतक' असं लिहिलं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ही जोडी पाहिली तेव्हा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले होते, "हा लाल रंग पाहा मास्तर. याला म्हणतात नजर." मास्तरांना आनंद इतका झाला की ते तिसऱ्या खोलीत जाऊन उगीचच एक सरळ लावलेलं चित्र सरळ करत बसले. आता चार वाजता रुखमा येणार आणि तिला हे दिसणार. तिच्यापाशी पोरीचं एवढंच होतं. परकर-पोलकी तेव्हाच वाटून टाकली होती, कारण मास्तरांनी सांगितलं होतं, घरात काही ठेवू नको. नावही घेऊ नको असं त्यांनी तोंडाने सांगितलं नव्हतं, पण पहिल्या वर्षी दोनदा तिने 'कोकी असती तर' असं सुरू केलं तेव्हा ते जेवणावरून उठले. तिसऱ्यांदा तिने सुरू केलं नाही. भुलाबाई मात्र तिने बोळवली नव्हती. कोजागिरीला बाकीच्यांनी आपापल्या भुलाबाई बोळवल्या, पाण्यात सोडल्या, आणि हिने आपली कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवली. सासूने सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, माहेरी आलेल्या देवीले असं डांबून ठेवू नये. तिने कोणाचं ऐकलं नाही. आणि ती एवढी एक गोष्ट नवऱ्याने न विचारता उचलून आणली होती आणि वर लिहिलं होतं, हितचिंतक.

मास्तरांनी जानव्याची किल्ली हातात घेतली. आता काढावी, टोपलीत घालावी, ती चढ चढून येईल तोवर आपण मागच्या वाटेने घरी जावं आणि वीट काढून ही पुन्हा पेटीत ठेवावी. कुलूप उघडलंही. काच बाजूला झाली. जुन्या मातीचा थोडा वास आला, आणि त्या वासासरशी मास्तरांना जे नको होतं तेच आलं. तो पितळी डबा. मानमोडीच्या तापाच्या साथीचं साल. गावात घराआड माणूस पडत होतं. भुलाबाईच्या पोरी रोज कमी व्हायला लागल्या होत्या, आठाच्या पाच, पाचाच्या तीन. गाणी झाली की खिरापत वाटायची, पण तशी नाही वाटायची. घरच्या बाईने बंद डबा कानाशी हलवायचा आणि पोरींनी ओळखायचं आत काय आहे ते. खोबरं? फुटाणे? काकडी? ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मास्तर परीक्षेच्या कामाला नांदुऱ्याला गेले होते, तिथे स्टेशनासमोरच्या दुकानात त्यांना सुके अंजीर दिसले, दोरीत ओवलेले. या गावात कोणा पोरीने अंजीर पाहिलं नव्हतं. मास्तर बैलांच्या दमणीत बसून येताना वाटभर स्वतःशीच हसत होते, की डबा हलवला तर वाजणारही नाही, आता ओळखा म्हणावं. घरी आले तर कोकिळाला ताप होता. रुखमाने अंजीर डब्यात भरून डबा भुलाबाईपुढे ठेवला, पोरी आल्या की काढू म्हणून. पोरी आल्या नाहीत. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मास्तर अंथरुणापाशी बसले होते. कोकिळाने डबा मागितला, हलवला. म्हणाली, "वाजत नाही बाबा. काय हाये? सांगा ना." तिचे ओठ सुकले होते आणि डोळे चमकत होते. मास्तर म्हणाले, "असं सांगत असतात का? उद्या ओळख." ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग डोळे मिटून घेतले. उद्या उजाडला तेव्हा ती नव्हती.

यात काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. मास्तरांनी स्वतःला हजार वेळा म्हणून पाहिलं होतं. शब्द तीन अक्षरांचा होता. अंजीर. तो सांगितला असता तर पोर वाचली असती असंही नाही. पण ती न कळता गेली. एवढीशी गोष्ट तिने मागितली आणि बापाने खेळाचा नियम सांगितला. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी अंजीर तोंडात घातलं नव्हतं. कोणी दिलं तर म्हणत, मला सोसत नाही. आणि हे त्यांनी रुखमालाही कधी सांगितलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. तिने विचारलं असतं, काऊन नाई सांगतलं?

"मास्तर, साहेब म्हणतात बायकायले चप्पल बाहेर काढा म्हणाव का आत येऊ द्याव?" दारातून कडूबाने विचारलं. मास्तरांनी घाईघाईने काच लावली. कुलूप खटकन बसलं. "राहू दे चपला," ते म्हणाले. "पण काढतीलच त्या. सांगायची गरज नाही." आणि खरंच, साडेतीनपासून बाया यायला लागल्या तशा पायरीशी चपलांची रांग लागली. वकिलांच्या घरच्या, मामलेदारांच्या घरच्या, बागवानांच्या, शिंप्यांच्या. पहिल्या खोलीतल्या मूर्तींना त्यांनी लांबून हात जोडले. कोणी समईच्या पुतळीचं नाक पाहून म्हणाली, हे तर आमच्या नणंदेवाणी. मास्तरांना एरवी अशा गोष्टींची मजा वाटली असती. आज ते मधल्या खोलीच्या दारात दोन्ही हात मागे बांधून उभे होते, आणि बाया कोनाड्यापाशी आल्या की त्यांच्या मानेवर घाम यायचा. कारण बाया तिथे वाकत होत्या. सगळ्यांनाच वाकावं लागत होतं. बाकी सगळ्या फळ्या मास्तरांनी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत लावल्या होत्या, तो त्यांचा नियमच होता. हा एक कोनाडा कमरेपेक्षा थोडा वर. साहेबांनी विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, उजेड चांगला पडतो. हवं असतं तर आत चौथरा घालून मूर्ती वर घेता आली असती. त्यांनी घेतली नव्हती.

रुखमाबाई आली ती सगळ्यांच्या शेवटी. हिरवं इरकली लुगडं नेसली होती, जे ती दसऱ्याला काढायची. पदराखाली काहीतरी होतं. पहिल्या खोलीतून ती न थांबता चालत आली, समयांकडे पाहिलं नाही, चौकटीकडे पाहिलं नाही. कोनाड्यापुढे येऊन उभी राहिली. मग ती वाकली नाही, सरळ खाली बसली, मांडी घालून, संग्रहालयाच्या फरशीवर. बाकीच्या बाया तिसऱ्या खोलीत चित्रं पाहून हसत होत्या. मास्तर दोन पावलं पुढे आले. खिडकीतून चारचं ऊन कोनाड्याच्या कडेपर्यंत आलं होतं, त्यांनी कोळशाने टिपून ठेवलं होतं तिथेच. लाल लुगडं उजळून निघालं होतं.

"कोकीच्या डोयाइतक्या उंचीवर लावलं," रुखमाबाई म्हणाली.

मास्तर म्हणाले, "हो."

"मले वाटलंच." ती काचेकडेच पाहत होती. "दरसाली भादव्याच्या पुनवेले तुम्ही शाळेत गेले का मी पेटी काढतो. हिले पुसतो, कुकू लावतो, एक गाणं म्हणतो हळूच. अन् ठेवून देतो. औंदा काढली तं वीट. वीट पुसली मी पदरानं. समजलंच नाई पह्यले."

महिना झाला होता पुनवेला. महिनाभर ती त्यांना रोज भाकर वाढत होती, कंदील पुसत होती, आणि तिला ठाऊक होतं. "रुखमा," ते म्हणाले, "मले वाटलं, आपल्या मागून कोण—"

"इथं हाये ते आयकलं मी. तुमचा कडूबा सांगे त्याच्या बायकोले. मास्तर म्हणे रोज एका भुलाबाईपुढं जाऊन उभे राह्यतात." आता ती त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घरातलाच होता. "तुम्ही आणली त्याचा राग नाई. माळ्यावर काय होतं तिले, अंधारच. पोरीले बाप पोचवून येते सासरी, तशी आणली तुम्ही. पण मायले सांगत नसतात का? अशी कशी धाडली, बिना ओटीची?" आणि मग तिने पुठ्ठ्याकडे बोट केलं. "त्या कागदावर काय लिवलं?"

मास्तरांनी वाचून दाखवलं. शेवटचे दोन शब्द त्यांनी पुटपुटत म्हटले.

"अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कोणी केलं ते माहीत नाही."

"तुम्हाले माहीत नाही?"

तिने ते टोचून विचारलं नाही, खरंच विचारलं. त्यांनी पुठ्ठा काढला, खिशातली पेन्सिल काढली, आणि भिंतीवर पुठ्ठा टेकवून ते दोन शब्द खोडले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं होतं, खाडाखोड करू नका, नवा कागद घ्या. त्यांनी नवा कागद घेतला नाही. खोडलेल्या शब्दांच्या वर लिहिलं: 'रंगकाम कोकिळा, वय नऊ.' अक्षर वाकडं आलं. मग त्यांनी कुलूप उघडून काच बाजूला केली, आणि रुखमाबाईने पदराखालून खण काढला, मूठभर तांदूळ काढले, सुपारी, हळकुंड काढलं आणि सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी मातीच्या त्या वीतभर बाईची ओटी भरली. गणपतीच्या डोक्यावर तांदळाचे दोन दाणे पडले ते तिने बोटाने टिपून घेतले. संग्रहालयाच्या रजिस्टरात याची नोंद कोणत्या रकान्यात होते, हे मास्तरांना त्या वेळी कोणी विचारलं असतं तर ते त्याच्या अंगावर धावून गेले असते.

आणि मग तिने पदराखालून शेवटची वस्तू काढली. पितळी डबा. तोच, एका बाजूने चेपलेला. ती म्हणाली, "ओळखा."

मास्तरांचा हात पुढे झाला, डबा हातात आला, हलवला. वाजला नाही. त्यांच्या कानात तो न वाजलेला आवाज अठ्ठावीस वर्षं वाजत होता. तेही बायकोशेजारी फरशीवर बसले. आणि मग आधी ठरवलं नव्हतं ते सगळं त्यांच्या तोंडून निघालं, तुटक तुटक, दिवेलागण, सुकलेले ओठ, सांगा ना बाबा. "तिनं मागतलं होतं रुखमा, अन् मी नाई सांगतलं. म्हटलं उद्या ओळख. नियम सांगतला तिले. न समजता गेली ती."

रुखमाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. एवढं आश्चर्य त्यांनी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "अन् हे घेऊन बसले तुम्ही इतके साल?" ती म्हणाली. "अहो, तिले माहीत होतं! दुपारीच म्या अर्धं अंजीर भरवलं होतं तिले. तोंडाले चव नव्हती, म्हटलं गोड खाईन. तं म्हणे, माय, याच्यात वाळू हाये. ते बारीक दाणे कुरकुरले ना दाताखाली. मंग म्हणे, बाबाले सांगू नोको मले माहीत हाये म्हणून. मी त्याहिले विचारतो, पाहतो सांगतात का. तुम्ही गेले बाहेर तशी हासली. लय दिवसानं हासली. म्हणे, बाबा पक्के हायेत, मरू मरू विचारलं तरी नाई सांगत." तिने पदर तोंडाशी नेला. "मी तं हे रोज आठवतो. तिचं शेवटचं हासणं हाये ते. तुम्हाले सांगावं वाटे, पण तुम्ही नावच काढू देल्लं नाई तिचं."

मास्तर रडत होते, टोपी हातात घेऊन, पोरांसमोर कधी रडले नसते तसे. चमकणारे डोळे. ताप नव्हता तो नुसता. खोडी होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली होती ती हसू दाबून. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जो चेहरा पाहायचा टाळला होता, तो आता समोर आला तर तो हसरा निघाला, एक डोळा मोठा, एक बारीक केलेला. रुखमाबाईने झाकण काढलं आणि एक अंजीर त्यांच्या हातावर ठेवलं. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, येथे खाण्यास मनाई आहे. मास्तरांनी अंजीर तोंडात घातलं. गोड होतं. मग दाताखाली दाणे कुरकुरले. "वाळू हाये," ते म्हणाले, आणि रुखमाबाई रडता रडता हसली.

तिसऱ्या खोलीतल्या बाया मागच्या दाराने गेल्या होत्या. कडूबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि दारातच थबकला. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल अशा ठिकाणी, उघड्या काचेपुढे, मास्तर आणि मास्तरीणबाई मांडी घालून बसले होते. रुखमाबाईने झटकन झाकण लावलं. कडूबाच्या घरी तीन लेकी होत्या, डबा पाहताच त्याला कळलं काय चाललंय ते. "खिरापत हाये वाटते," तो म्हणाला, आणि जवळ येऊन त्याने डबा हलवून पाहिला. "वाजत नाई. काय हाये मास्तर?"

मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा कोनाड्याकडे. बाहीने डोळे पुसले. "असं सांगत असतात का?" ते म्हणाले. "उद्या ओळख."

"तुम्ही घ्या हो कडूबाभाऊ," रुखमाबाई म्हणाली, "त्यायचं काय आयकता," आणि तिने झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला.